चिंधीच्या पायांचं पिंप

"मी शेटचा गडी नाय, वेलींचा गडी हाय," असं पोशा ठाकर कुणालाही सांगायचा. कडावच्या बाजारात मीठ घेताना सांगायचा, आणि खुद्द होर्मसजी शेटच्या तोंडावरही सांगायचा. शेट हसायचे, कारण ते खरंच होतं. डोंगराच्या पायथ्याचा तो द्राक्षमळा शेटच्या वडिलांनी लावलेला. वेलींची खोडं आता मांडीएवढी झाली होती, आणि दिवाळी सरली की त्यांच्यावर कोयता चालवायचा तो एकट्या पोशानं. घड थोडेच लागत, पण काळेभोर. त्यांची तांबडी दारू शेट घरापुरती करत आणि तिच्यात दुसऱ्या मळ्याचा एक मणीही पडू देत नसत.

घड तुडवायचं काम बायकांचं. त्यांत पोशाची बायको चिंधी पुढे. लुगडं गुडघ्यावर खोचून ती दगडी टाक्यात उतरली की तिचं गाणं थांबायचं नाही. पाऊस लागेपर्यंत तिचे पाय जांभळे राहत. तुडवणाऱ्या बायकांना गूळ नि चोथा मिळे, दारू नाही; तिथला रिवाजच तसा होता.

"आपल्या पायाखालचं, नि आपल्याच तोंडाला नाय," एका चैत्रात टाक्यातून वर येत चिंधी म्हणाली. "कसं लागत असंल रं?"

"तुझ्या पायासारखं लागत असंल."

"मंग शेटीण उगाच चाखत-माखत पिते व्हय!" ती खदखदून हसली. मग पाय पुसता पुसता हळूच म्हणाली, "ह्या सालचं पिंप उघडंल ना, तवा माझ्यासाठी माग. घोटभर."

"मागतो," पोशा म्हणाला.

त्याच साली मानमोडीची साथ आली. भात निसवत असताना चिंधी तापात गेली. डोंगरावर, वाडीच्या वरच्या अंगाला, ऐनाच्या झाडाखाली, तिला पुरलं. पितरांच्या अवसेला पोशा तिथं मोहाची दारू ओतायचा. पण मोहाची ती जिवंतपणीही प्यायची. ओतताना त्याला वाटायचं, चिंधी तोंड फिरवून बसलीय.

वर्षं गेली. त्या सालचं पिंप कोठीत पडून होतं. येता-जाता पोशा त्याच्यावर हात ठेवायचा, गोठ्यातल्या गाभण गाईवर ठेवावा तसा.

अखेर एका माघात शेटनी ते उघडलं. वास अंगणभर पसरला. पोशा दारू न्यायला सुका, पोकळ भोपळा घेऊन ओट्याशी आला.

"शेट, घोटभर पायजे. चिंधीला कबूल केलंय."

शेट अवघडले. "बाहेर थेंब गेला तर माझा परवाना जाईल, पोशा. फाटकावर अबकारीचा शिपाई बसलाय, तू बघतो नी? इथं बस, पोटभर पी. कोण नाय म्हणतो?"

"मला नको. तिला पायजे. ती वर हाय."

मुकादम हिरामण हसला. "मेलेली बाय आता पेला धरनार व्हय रं?"

"तू गप. ती तुडवत व्हती तवा तू सावलीला लोळत व्हतास."

शेटच्या बायकोनं, गुलबाईंनी, काचेचा पेला भरून पोशापुढे धरला. उन्हात ती दारू पळसाच्या फुलासारखी पेटली. "पी, पोशा. तिच्या नावानं पी."

पोशा पेल्याकडे बघत राहिला. मग त्यानं तो तोंडात रिता केला. गाल फुगले. गिळलं मात्र नाही.

"कसं लागलं ते तरी सांग," गुलबाई म्हणाल्या.

पोशानं त्यांना हात जोडले आणि तो निघाला.

"आरं, गिळ की!" हिरामण ओरडला. गुलबाईंनी हातानंच त्याला थांबवलं.

फाटकाशी शिपायानं भोपळा उलटा करून पाहिला, कंबर चाचपली. "काय रं, मुका झालास काय?" पोशा नाकानं श्वास घेत उभा. जीभ भिजली होती, घसा मागत होता. आयुष्यभर ज्या वेली राखल्या त्यांची चव पहिल्यांदाच त्याच्या तोंडात होती, आणि ती त्याची नव्हती. शिपायानं वैतागून फाटक उघडलं.

चढणीवर तो एकदा थांबला, खाली वाकला.

"गिळलं असंल का वो?" हिरामणनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

ओट्याच्या कडेला येऊन, डोळ्यांवर हाताची सावली धरून गुलबाई बघत होत्या. पोशा सावरला आणि पुन्हा ऐनाच्या झाडाकडे चढू लागला. सावकाश, मान ताठ धरून, डोईवर काठोकाठ भरलेला हंडा असावा तसा.