पंख्याला गोवर

पोरीच्या अंगावर दाणे. पांढरे, बारीक, रव्याएवढे, कपाळावर, गालावर, मानेच्या वळीत, सगळीकडं. सकाळी तेल लावून मालिश केली तेव्हा काय न्हवतं, आणि दुपारी झोळीतून उचलली तर अंगभर. ओरडले न्हाय, ओरडायला दम लागतो, तो न्हवताच. पोरीला छातीशी धरली आणि सैपाकघराकडं पळाले, आणि पळताना उंबऱ्याला अडखळले, कारण उंबरा जिथं दिसला तिथं न्हवता. तो चष्म्यामुळं.

चष्मा नवीन हाय हे सांगायचं राहिलंच. दोनच दिवस झाले होते. मला आधीपासून धूसर दिसायचं, पण आठवीत शाळा सुटली, मग फळा कुणाला बघायचाय. पोरगी झाली तसं कपाळ ठणकायला लागलं, म्हणून नवरा बाजारातल्या चष्मेवाल्याकडं घेऊन गेला. तो बोलला, नंबर तिरका हाय, इतकी वर्षं चाललात कशा? आणि बजावून सांगितलं की आता काढायचा न्हाय, थोडे दिवस त्रास होईल, मग डोळे आपोआप ऐकतील.

त्रास म्हणजे काय ते काय बोलला न्हाय. जमीन वर यायची हो. लादी अशी उचलून गुडघ्यापर्यंत यायची, मी बगळ्यासारखी पाय उचलत चालायचे. दरवाजा वर रुंद, खाली निमुळता. वाढायला गेले की ताट बाजूला सरकायचं, भात लादीवर. नाकावर दोन खड्डे, कानामागं ठणका, पोटात ढवळायचं. शेजारीण तर हळूच विचारून गेली, दुसरं हाय का म्हणून. सासूबाईंना मजाच. "चार डोले घेतलेस नि आंधली झालीस गो," असं येता जाता चालायचं. मी पण हसायचे, पण आतून एकच भीती, पोरगी कडेवर असताना पाय चुकला तर? मी पडेन, उठेन. ती आत्ता कुठं मान धरायला शिकलेली.

तर सासूबाई बोंबील तळत होत्या. मी पोरीला त्यांच्यापुढं केली, तोंडातून एवढंच आलं, आई, दाणे. त्यांना माझ्यापेक्षाही कमी दिसतं, पण त्यांनी पोरीच्या गालावरून हात फिरवला, आणि हाताला खरखरीत लागलं. झालं. तवा खाली उतरला, गॅस बंद.

"गोवर हाय," त्या बोलल्या, "देवी आली घरात. आता फोरनी न्हाय, तलन न्हाय."

अर्धे बोंबील कच्चेच राहिले. त्या तशाच बाहेर गेल्या, कडुलिंबाचा डहाळा तोडून आणला. मी नवऱ्याला फोन केला, तो गोडाऊनला ड्युटीवर, तो बोलला रिक्षा घेऊन येतो, डॉक्टरकडं जाऊ, तोवर रडू नको. मी रडतच होते. तिकडं सासूबाई देवापुढं हात जोडून मोठ्यानं बोलल्या की वज्रेश्वरी आई, पोरीला बरी कर, हिची आई हिला कडेवर घेऊन तुझ्या पायऱ्या चढंल आणि ओटी भरंल. नवस त्यांचा, पाय माझे. पण तेव्हा कुणाला सुचतंय.

मग त्या दारात डहाळा बांधायला स्टुलावर चढल्या, मी खालून स्टूल धरलं, मान वर केली आणि बघते तर त्यांच्या भुवईवर दाणे. केसांत दाणे. मी बोलले, आई, तुम्हाला पण आला. त्या मटकन खाली बसल्या. मी घाबरून घरात बघितलं तर पडद्यावर दाणे. घड्याळावर दाणे. पंख्याच्या पात्यावर तर चांगला जाड गोवर. आणि देवाच्या फोटोवर, देवाच्या नाकावरसुद्धा.

देवाला कसा गोवर येईल?

मी पोरीच्या गालावर फुंकर मारली. एक दाणा उडाला, उन्हात तरंगत गेला. बाकीचे तेलाला चिकटलेले, पदरानं पुसले तर आले पदराला. आमच्या मागच्या भिंतीला लागून कापड विणायचे लूम हायत, दिवसरात्र खडखडतात, त्यांचा कापूस उडतो तो आमच्या घरात येतो. लग्न होऊन आले तेव्हापासून येतो. मला दिसलाच न्हवता कधी.

नवरा धावत आला तर आम्ही दोघी लादीवर बसून हसतोय, पोरगी पण हसतेय, दारात कडुलिंब. त्याला समजेना आत यावं की रिक्षावाल्याला थांबवावं.

मला वाटलं, आजार न्हाय तर नवस पण न्हाय. आई बोलल्या, "बोललाव ते बोललाव. पोर बरी हाय ना? मग झाला."

मग काय, अंबाडीच्या नाक्यावरून बस, आणि वज्रेश्वरीच्या पायऱ्या. चढताना पायरी नाकासमोर असते, तर चढले, ओटी भरली. पण उतरताना वरून बघितलं आणि तिथंच अडले. चष्मा लावला तर सगळ्या पायऱ्या उठून अंगावर येतात. काढला तर पायऱ्याच न्हाईत, नुसती घसरगुंडी. पोरगी आईंकडं द्यावी तर नवस कडेवरचा, वर त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या खालीच थांबलेल्या. त्या खालून हाका मारतायत की चष्मा काढ गो, पण चष्मेवाला बोललाय काढायचा न्हाय, आणि पोरगी दोन्ही मुठींनी काडी धरून ओढतेय.

मी बसले. नव्या साडीत, तिथंच. पोरीला मांडीवर घट्ट धरली आणि एक एक पायरी बसत, सरकत खाली यायला लागले. पोरीला तर खेळच वाटला, खिदळायला लागली. चढणारी माणसं बाजूला होऊन वाट द्यायला लागली, त्यांना वाटलं माझा नवसच तसा. एका म्हाताऱ्या बाईनं तर वाकून माझ्या पायाला हात लावला आणि बोलली, बाई, किती कडक नवस हो तुमचा.

आता तिला काय सांगू, नंबर तिरका हाय म्हणून? खाली आईंनी तोंडात पदर कोंबलेला, पोरगी माझ्या मांडीवर सुखरूप. मी त्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा बोलले, आणि खालच्या पायरीवर सरकले.

तुम्ही असतात तर काय केलं असतं?