आधी माझा हात वर गेला

हात मी वर केला. बायांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांचेही हात वर गेले. साहेबानं मोजून वहीत लिहिलं — आणि आमची संस्था गेली. तो हात का वर गेला हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. तुम्ही ऐकून मनात काय म्हणाल, तेही मला ठाऊक आहे.

साखरशेत गावात आम्हा बायांची नाचणीची सहकारी संस्था होती. एक खोली, एक गिरणी. पीठ, पापड करायचो. कागद आला की वाचायची मी, कारण चौथी शिकलेली मी एकटीच. रीतच पडली होती — मी वाचायचं, मी हात वर केला की बाकीच्यांनी करायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशीचा कागद लांबलचक. बहुराज्य सहकारी संस्था, विलीनीकरण, हजर सभासदांची दोन तृतीयांश मतं... अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. कागद घेऊन आलेला साहेब गोड हसत होता. गोड हसणाऱ्याचा मला कधीच भरवसा नाही. मग विचारलं का नाही? सगळ्यांसमोर म्हणायचं काय — मला कळत नाही?

विचारलं ते जानकीनं. अंगठा लावणारी बाई, नवरा खाटेला खिळलेला.

"आजी, खोली आपलीच राहील ना?"

"राहील. मोठी गिरणी येणार आहे, असं लिहिलंय. बस खाली."

असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

कागदाची एक प्रत माझ्याकडं राहिली. घरी रोज एकेक ओळ बोट ठेवून वाचली. आठ दिवसांनी अर्थ लागला. आमची संस्था, खोली-गिरणीसकट, दुसऱ्या, तीन राज्यांत चालणाऱ्या संस्थेत मिसळणार होती. मान्य नसेल त्या सभासदानं महिन्याच्या आत लेखी कळवावं, आपल्या भागाचे पैसे परत घ्यावेत — हेही शेवटी होतं. महिना अजून सरला नव्हता. तरी मी गप्प. सांगायला गेले असते तर आधी माझं खोटं सांगावं लागलं असतं.

मग टेम्पो आला, गिरणी गेली, खोलीला कुलूप लागलं. आम्ही जव्हारच्या सहकार कचेरीत गेलो. तिथला माणूस म्हणाला, आता तुम्हाला केंद्राचा कायदा लागू, तक्रार दिल्लीला करा.

"दिल्लीची एस्टी किती वाजता सुटते, भाऊ?" जानकीनं विचारलं. हसलं कुणीच नाही.

परतताना बायांची कुजबुज सुरू झाली — आपल्यातलंच कुणीतरी फितूर होतं. डोळे माझ्याकडं वळायच्या आत मी बोलले, "सभेच्या आधी साहेबाच्या गाडीत कोण बसली होती?"

जानकी बसली होती. नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं, साहेबानं वाटेत गाडीत घेतलं. हे मला पक्कं माहीत होतं. गाडीला हात मीच केला होता.

"म्हणून तर सभेत साळसूदपणे विचारत होती!" आमच्यातली रखमी म्हणाली. मी नाही म्हटलं नाही. जानकी माझ्याकडं बघत राहिली. तिला काही कळलं होतं का? कागद तिला वाचता येत नव्हता, एवढा मला धीर होता.

लावणीला आमच्यात सावड असते — आज तुझं शेत, उद्या माझं. त्या साली जानकीच्या शेतात कुणी उतरलं नाही. मीही बांधावरून पुढं गेले. ती एकटीच लावत राहिली, निम्मी रोपं वाफ्यातच पिवळी पडली. पुढच्या सालीही तेच. मग ती नवऱ्याला घेऊन पोशेऱ्याला भावाकडं गेली.

मला अजून लग्नाकार्यात पुढं बसवतात. सरकारी कागद आला की माझ्याकडंच आणतात.

दोन पावसाळे एकटीनं भात लावला तो जानकीनं. विहिरीवर फितूर म्हणून ऐकून घेतलं तेही तिनंच. मला कुणी काही बोललं नाही.