ची कुणाची?

रस्त्यावर खडी ओतली, की तिच्या कोरड्या वासानं मला येडशीजवळचं दुष्काळी काम आठवतं. वडील नव्हते. माय तिथं खडी फोडायची, त्यावर घर आणि माझं कॉलेज चालायचं. एक दिवस तिचा उजवा खांदा आखडला आणि हात वरच जाईना. मुकादमानं तिला काही दिवस पाणी वाटायला ठेवलं. नंतर मात्र कॉलेज सोडून हातोडा मी धरायचा, असं ठरलं. तेवढ्यात आमच्या विहारात एक भंतेजी मुक्कामाला आले. परदेशात ते चिनी व्यायाम शिकले होते. त्यांनी मायला लिंबाखाली उभं केलं, गुडघे थोडे वाकवायला लावले आणि पाण्यातून उचलावा तसा हात श्वासाबरोबर सावकाश वर न्यायला सांगितलं. "अंगात ही जी शक्ती फिरते, तिला चिनी लोक 'ची' म्हणतात." माय म्हणाली, "कुनाची?" भंतेजींना हसू आवरेना. "ज्याची त्याची, माई!" मग माय रोज सकाळी कामावर जायच्या आधी तशी उभी राहू लागली. शेजारीण चिडवायची, "काय गं, वाऱ्याच्या भाकरी थापतीस व्हय?" "व्हय, लई झाल्यात. तुला वाढू का?" खांदा हळूहळू मोकळा होत गेला. एका सकाळी तिनं उंच खुंटीवरची माझी पुस्तकांची पिशवी उजव्या हातानं काढली आणि माझ्या खांद्याला अडकवली. "जा, गाडी चुकंल. हातोडा माजा हाय." आता माझी साठी उलटली, मीही रोज सकाळी गच्चीवर तशीच उभी राहते. आमच्या घरात पहिली बी.ए. मी झाले.