अर्ध्या बिलात दुप्पट ऊब

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. रोज सकाळी दहा ते रात्री आठ काउंटरमागे उभं राहायचं, समोर गिऱ्हाईक येत राहतं, आणि किस्से आपोआप साठतात. माझ्याकडे तर इतके साठलेत की चहाला चार मैत्रिणी जमल्या की त्याच म्हणतात, "विजू, ते हीटरचं सांग ना!" आणि त्यात कुणी नवीन असली तर हमखास विचारते, "पेणमध्ये हीटर? तिथे तर डिसेंबरातही पंखा लागतो!"

लागतो. तरी आम्ही पेणमध्ये हीटर विकले. कारण थंडीसाठी हीटर ही कल्पना पेणबाहेरच्या लोकांची. आमच्याकडे पावसाळ्यात काहीच सुकत नाही. बाळाची दुपटी नाहीत, पापड नाहीत, आणि मुख्य म्हणजे गणपती नाहीत. शाडूचा गणपती सुकल्याशिवाय रंगवता येत नाही, आणि ऐन आषाढात त्याला ऊन आणायचं कुठून?

नव्वदीतली गोष्ट. एसटी स्टँडमागच्या गल्लीत शालोमकाकांचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. काउंटरवर मी, वायरिंगला गफूरभाई आणि दुरुस्तीच्या टेबलावर स्वतः काका. पेणमध्ये उरलेल्या मोजक्या ज्यू घरांपैकी काकांचं एक. बाकीचे नातेवाईक कधीच इस्राएलला गेले होते, धाकटी बहीण मिल्कासुद्धा. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी दुकान बंद, हे अख्ख्या पेणला पाठ होतं.

तर एका दिवाळीनंतर आमच्या बरोब्बर समोर काचेच्या दाराचं शोरूम उघडलं. भला मोठा बोर्ड: "अर्ध्या बिलात दुप्पट ऊब!" आणि खाली बारीक अक्षरात, "शनिवारी चालू." आत हीटर कंपनीचा एक माणूस बसायचा, टाय लावून. पेणच्या दमट हवेत टाय! आम्ही त्याचं नावच टायवाले साहेब ठेवलं.

महिनाभरात आमचं निम्मं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. एक दिवस काका चष्मा पुसत म्हणाले, "पुढच्या गणपतीपर्यंत बघू गो विजू. धंदा सावरला तर ठीक. नाय तर शटर खाली करतो न् जातो मिल्काकडे."

गफूरभाईंच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. माझ्या पगारावर दोन पोरींच्या शाळा चालल्या होत्या, ते तर होतंच. पण खरं सांगते, मला त्या दुकानाशिवाय करमलंच नसतं.

* * *

आमची अडचण एकच होती. काका खोटं बोलत नसत, आणि आम्हालाही बोलू देत नसत.

गिऱ्हाईक विचारायचं, "या हीटरने वीज किती वाचते?"

मी सांगायची, "काहीच नाही."

गिऱ्हाईक आ वासून बघायचं आणि समोर जायचं!

शेवटी एकदा मी काकांवर चिडलेच. "काका, निदान थोडी तरी वाचते असं म्हणू द्या ना!"

काकांनी मला शांतपणे समजावलं. "हजार वॅटचा हीटर हजार वॅटचीच ऊब देणार. राजानं बनवला काय न् आपल्या गफूरनं बनवला काय. वीज जेवढी आत जाते, तेवढीच ऊब बाहेर येते. त्यात कमी-जास्त करायला जागाच नाय."

"पण गिऱ्हाईक जातं त्याचं काय?"

"तू खोटं बोललीस तर ते परत येईल. हातात हीटर घेऊन!"

* * *

आणि तसंच झालं की! फक्त ते समोरच्यांचं गिऱ्हाईक होतं. रोह्याचे एक रिटायर्ड हेडमास्तर जानेवारीत आमच्याकडे आले, हातात समोरच्या शोरूमचा हीटर. बिल दुप्पट आलं होतं आणि शोरूमवाले दाद देत नव्हते.

काकांनी हीटर तपासला. हीटर ठणठणीत. मग गफूरभाई त्यांच्याबरोबर रोह्याला घरचं वायरिंग बघायला गेले आणि संध्याकाळी हसत हसतच परत आले.

झालं होतं असं, की मास्तर संध्याकाळी हीटर लावून बसायचे. दहा मिनिटांत खोली तापायची. मग घामाघूम होऊन पंखा लावायचे. पंख्याने गार वाटलं की हीटरचं बटण वाढवायचे. हीटर बंद करणं त्यांना पटेना, कारण अर्ध्या बिलात चालतो म्हणून तर घेतला होता!

पुढच्या खेपेला मास्तर आले तेव्हा काकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. "मास्तर, तुम्ही हीटर आणि पंख्याचं भांडण लावून दिलंय. आणि दोन्हीकडच्या वकिलांची फी तुम्हीच भरताय!"

मास्तर इतके हसले की चहा सांडला. पुढे त्यांनी रोह्यातल्या निम्म्या ओळखीच्यांना आमच्याकडे पाठवलं. एकालाही हीटर नको होता. सगळ्यांनी पंखे नेले.

* * *

डोलवीच्या प्लांटमध्ये उत्तरेकडचे एक इंजिनियर होते. क्वार्टरमध्ये वीज फुकट, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी घरात दोन-दोन हीटर चालू. मग कॉलनीत घराघराला मीटर बसले आणि साहेब धावत आमच्या दुकानात.

"काकाजी, सगळ्यात कमी वीज खाणारा हीटर द्या. पैशाची फिकीर नाही."

काका म्हणाले, "थांबा." उठले, शेजारच्या कापड दुकानात गेले आणि एक जाडजूड रग घेऊन आले. काउंटरवर ठेवून म्हणाले, "हा घ्या. शून्य वॅट. लाईट गेली तरी चालतो!"

साहेबांनी रग घेतला. आमच्या गल्ल्यात अर्थातच काही पडलं नाही, आणि मी काकांशी दोन दिवस बोलले नाही.

* * *

फेब्रुवारीत मिल्काआत्याचं निळं एरोग्राम आलं. काकांची बहीण म्हणून आम्हीही तिला आत्याच म्हणायचो. तिकडे खरी थंडी, आणि तिच्या दारातही एक विक्रेता उभा: नवा हीटर, तीच ऊब, निम्मी वीज. घेऊ का?

काकांनी उत्तर लिहिलं, "त्याला एवढंच विचार, उरलेली निम्मी ऊब येते कुठून?"

महिन्याने आत्याचं पत्र आलं. काकांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. "विचारलं. तो म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. तो गेलाय तो गेलाच!"

आम्ही टाळ्या पिटल्या. पण पत्र तिथे संपत नव्हतं. खाली लिहिलं होतं, "शालोम, इथे हीटर खरोखर लागतो आणि खरं सांगणारा दुकानदार एकही नाही. तिकडे एकटा काय करतोस? तू ये, तिकिटाचं मी बघते. तुझं दुकान इथे धो धो चालेल."

काकांनी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं. टाळ्या आपोआप थांबल्या.

* * *

पाऊस सुरू झाला तसं समोरच्या शोरूमने जाहिरात बदलली. आता हीटर "मल्टिपर्पज" झाला. पापड सुकवा, कपडे सुकवा, काहीही सुकवा!

जुलैत धरमतरच्या एक मावशी छत्री झटकत दुकानात आल्या. गोणपाटातून हीटर काढून काउंटरवर ठेवला. "बघ गो बाय, आठ दिस पन नाय झालं न् बंद परला."

हीटरच्या आधी त्याचा वास पोचला. गफूरभाई नाकाला रुमाल लावून बाहेर गेले. काकांनी मागची जाळी उघडली. आत शिस्तीत ओळीने बोंबील!

"मावशी, हे काय?"

"त्यो गल्यात फडका बांधलेला बोलला ना, काय पन सुकवा!"

काकांनी दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "मावशी, फक्त एक काम करा. हा चालू झाला की समोरच्या शोरूममध्ये न्या, आणि तिथे तासभर लावून दाखवा."

मावशींनी ते अक्षरशः केलं. त्या दिवशी शोरूमची काचेची दारं संध्याकाळपर्यंत उघडी होती.

* * *

पण हसून दुकान चालत नाही. श्रावण तोंडावर आला आणि गल्ला रिकामाच होता. आमचा खरा हंगाम म्हणजे पेणजवळच्या जोहे गावातले गणपतीचे कारखाने, त्यांचं मूर्ती सुकवायचं सामान. टायवाले साहेब जोह्यात घरोघर फिरून आले होते.

जोह्याच्या सुलभाताई आमचं जुनं गिऱ्हाईक. नवरा डोलवीला शिफ्टमध्ये, कारखाना त्या एकहाती चालवायच्या. त्या घेतील ते अख्खं जोहे घेणार, हे सगळ्यांना ठाऊक. त्या दुकानात आल्या त्या उभ्या उभ्याच बोलल्या.

"काका, तुमचा शब्द मला पटतो. पन ते साहेब बोलतात, त्यांचा हीटर हजाराची ऊब देतो न् पाचशेच वीज खातो. माजे दीडशे गणपती ओले हायेत. रविवारी दोघंपन या माज्या कारखान्यात. काय तां माज्या डोळ्यांसमोर होऊं दे."

रविवारी सकाळच्या एसटीने काका, गफूरभाई आणि मी निघालो. काकांच्या मांडीवर टोपली, टोपलीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले शंभर-शंभर वॅटचे दहा साधे बल्ब. खिडकीबाहेर भाताची खाचरं तुडुंब भरलेली.

मी न राहवून विचारलं, "काका, आज हरलो तर?"

"बल्ब परत आणायचे. सांभाळून धर, फुटतील."

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जोह्यातले सगळे कारखानदार, त्यांच्या बायका, हात मातीने भरलेले कारागीर, झाडून सगळे हजर. फळ्यांवर ओल्या गणपतींच्या रांगा. टायवाले साहेब आधीच आले होते. नवाकोरा हीटर मधोमध मांडून त्यांचं भाषण चालू होतं: रिफ्लेक्टर, टेक्नॉलॉजी, फॉरेन.

काकांनी भाषण पूर्ण होऊ दिलं. मग गफूरभाईंना कारखान्यातलं बाकी सगळं बंद करायला सांगितलं आणि सुलभाताईंना मीटरसमोर उभं केलं.

"ताई, ही मधली चकती बघा. हिच्यावर काळा ठिपका हाय. मीटरवर लिहिलंय, सहाशे फेरे झाले की एक युनिट. म्हणजे हजार वॅट खाणारी वस्तू मिनिटाला दहा फेरे मारणार, पाचशे खाणारी पाच. साहेब, बरोबर?"

टायवाले साहेबांनी मान हलवली. काय करतील? मीटरवर छापलेलंच होतं.

"मग लावा तुमचा हीटर. ताई, मोजा."

काकांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. हीटर लाल झाला. चकती फिरू लागली.

"एक," सुलभाताई म्हणाल्या. "दोन." तिसऱ्याला त्यांच्या जावेने सूर मिळवला, चौथ्याला अख्खा कारखाना मोजायला लागला. "पाच!" म्हणून सगळे थांबले आणि काकांकडे बघू लागले.

"अर्धंच मिनिट झालंय," काका म्हणाले.

"सहा! सात! आठ!" आता आवाज रस्त्यापर्यंत जात होता. "नऊ! दहा!"

"झालं मिनिट."

टायवाले साहेबांनी टाय सैल केला. "तुमच्याकडे व्होल्टेज जास्त येत असणार."

जोह्यात व्होल्टेज जास्त! जिथे संध्याकाळी ट्यूब पेटवायला तिला खालून काठीने डिवचावं लागायचं, त्या जोह्यात! लोक इतके हसले की एका आजोबांना ठसका लागला.

मग काकांनी हीटर बंद करवला. गफूरभाईंनी छपराच्या वाशाला दोरी बांधून दहा बल्ब ओळीने टांगले, मूर्तींपासून चांगले हातभर लांब, म्हणजे माती तडकणार नाही. वरची खिडकी उघडी ठेवली, म्हणजे ओल बाहेर जाईल. बल्ब लागले, चकती फिरली, पुन्हा सगळ्यांनी मोजली. एका मिनिटात दहा. ना एक कमी, ना एक जास्त.

काका म्हणाले, "बघा. माझे बल्बपन वीज वाचवत नाय. जेवढं खातात तेवढीच ऊब देतात, साहेबांच्या हीटरसारखीच. मी वेगळं काय सांगणार?"

जिंकत आलेली बाजी हा माणूस स्वतःच बरोबरीत सोडवत होता!

सुलभाताई बल्बांच्या रांगेखाली उभ्या होत्या. वर बघितलं, मग गणपतींकडे, मग हीटरकडे.

"म्हंजी दोघं खातात तेवढंच, न् तापतात तेवढंच?"

"व्हय."

"मंग साहेब, तुमचा हीटर घरी न्या. काकांच्या बल्बाच्या उजेडात मला गणपतीचे डोळे तरी आखता येतील!"

त्यानंतर जो गलका झाला तो मला अजून ऐकू येतो. "मला वीस!" "मला चाळीस, होल्डरसकट!" "काका, आमच्याकडे कधी येताय?" गफूरभाई बिडीच्या बंडलाच्या कागदावर नावं लिहीत होते, कागद संपला तेव्हा हातावर लिहायला लागले. आणि मी, काय सांगू, एका ओल्या गणपतीशेजारी उभी राहून चक्क रडत होते.

मंगळवारी दुकानात उसंत अशी नव्हतीच. दुपारी काकांनी एक निळं एरोग्राम माझ्यासमोर ठेवलं. "पोस्टात टाकून ये गो. आधी चिकटव."

पोस्ट ऑफिसच्या पायरीवर मी ते उघडलं. कुणाचं पत्र वाचू नये, कळतं मला. पण वाचलं. आत दोनच ओळी होत्या.

"प्रिय मिल्का, तिकिटाचं बघू नकोस. जोह्याचे गणपती अजून ओले आहेत."