क्वाडवरची एकच फेरी

नवऱ्याने क्वाड बाईक आणली तेव्हा घणसोली गावातली आमची अर्धी आळी ती बघायला जमली. पिवळीधमक गाडी, चार जाडजूड टायर आणि मोटारसायकलसारखं हँडल. तिला नंबरप्लेट नव्हती, त्यामुळे रस्त्यावर काढायची सोय नव्हती. दर रविवारी टेम्पोत चढवून ती खाडीलगतच्या मोकळ्या मैदानात न्यायची. उजव्या अंगठ्याने खटका दाबला की अशी उसळी घ्यायची की बसणाऱ्याची मान मागे जायची. चुलतभावांना, मित्रांना, टेम्पोवाल्यालासुद्धा नवऱ्याने ती चालवायला दिली. मी विचारलं तर म्हणाला, "तुला नाय झेपनार. स्कूटी वाटली काय ती?"

मी दिवाळे गावची, खाडीकाठची. लग्नाआधी बापाची होडी खाडीत कितीदा तरी मी एकटीने फिरवली होती. पण माहेरचं सासरी कोण विचारतो?

एका रविवारी फुशारकी मारत त्याने गाडी मैदानाच्या कडेला, ओल्या चिखलात घातली. जितका खटका दाबी, तितकी मागची चाकं रुतत गेली. शेवटी तो उतरला आणि भावांबरोबर मागून ढकलायला लागला. हँडल धरायला कोणीतरी हलकं माणूस हवं होतं.

"तू बस," तो मला म्हणाला. "फक्त सरळ धर. मी सांगेन तवा हळू रेस दे."

मी हळूच दिली. चाकांना जमीन लागली आणि गाडी एका झटक्यात बाहेर आली.

"बस! थांब आता!" तो ओरडला.

मी नाही थांबले. वरचा गिअर टाकला, अंगठा दाबला. सीटखालून गुरगुर थेट छातीत चढली. वळणावर होडीत कलतो तशी मी आतल्या अंगाला कलले. मागची चाकं घसरली, पुन्हा सावरली. माझ्यामागे धुरळ्याची भिंत उभी राहिली होती. मी मोठ्याने हसत होते, आणि ते ऐकणारं आसपास कोणी नव्हतं.

फेरी मारून परत आले तेव्हा धाकटा दीर टाळ्या वाजवत होता. "वैनी, दादापेक्षा भारी!"

नवराही हसला. चार माणसांत तो नेहमीच हसतो. मी उतरताच मात्र त्याने चावी काढून खिशात टाकली.

पुढचा रविवार उजाडायच्या आत गाडी विकली गेली. सासूबाईंनी कारण विचारलं.

"हिच्या अंगावर उलटली असती म्हंजे?" तो म्हणाला. "गाडी काय, परत घेता येते. मानूस महत्त्वाचा हाय."

शेजारणी अजून म्हणतात, "केवढा जपतो गं तुला!" मी मान हलवते.

एकदा न राहवून नणंदेला खरं काय ते सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नशीब समज. दुसऱ्या कोनी तिथंच थोबाडीत मारली असती."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मीही समोरची जुडी ओढून निवडायला घेतली.