कासार आंबोलीला न थांबलेली गाडी

साठच्या दशकातली गोष्ट. नोकरी नवी होती, रविवार मोकळा होता, म्हणून एकट्यानंच मुळशीचं धरण पाहून यायचं ठरवलं. आज तुम्ही स्वतःची गाडी काढून आरामात जाल. तेव्हा पुण्याहून सकाळी एक सर्व्हिस मोटार सुटे आणि तीच संध्याकाळी परत येई. तिकीट रुपयाच्या आसपास, रस्ता खडीचा, धूळ फुकट.

भुकूमपर्यंतच मोटार सात वेळा थांबली. कुणी हात केला की थांब, कुणी हाक मारली की थांब. मी वैतागलो. कंडक्टरला सगळ्यांदेखत म्हणालो, "ठरलेले थांबे पाटीवर लिहिलेत ना? मग वाटेल तिथं का थांबता? मी लेखी तक्रार करीन."

कंडक्टर त्याच भागातला, वयानं माझ्याहून मोठा. त्याचा चेहरा उतरला. "बरं साहेब. आता थांब्याबिगर न्हाई."

पिरंगुट मागं पडलं. भुकूमला चढलेली एक म्हातारी मागून उठून आली.

"दादा, कासार आंबोलीच्या वाटंला सोडा."

"मावशी, तितं थांबा न्हाई. आता पौडलाच."

"अवं, रोज तर थांबतुया! भन वारली माझी. मी न्हाई पोचले तर तशीच न्हेतील तिला."

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता, नजर माझ्यावर. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण एवढं तावातावानं बोलल्यावर माघार कशी घ्यायची? मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. आंबोलीची वाट मागं गेली.

पौडला उतरून म्हातारी पदर खोचून उन्हात उलट चालू लागली. निदान दीड कोस. पौडला मोटार वीस मिनिटं उभी राही, पोटाला काही घ्यायचं तर तिथंच. मी पिठलं-भाकरी मागवली आणि अर्धी टाकली.

धरण सुंदर आहे. डोंगरांच्या पायथ्याशी लांबच लांब निळं पाणी, वर घारी. मी तासभर भिंतीजवळ बसलो, पण मन लागलं नाही.

संध्याकाळी परतताना आंबोलीच्या वाटेवर ती उभी दिसली. या वेळी कंडक्टरनं माझ्याकडं न बघताच घंटी दिली. ती चढली.

"मावशी, घावली का भन?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई रं. मी पोचले तवा माणसं नदीवरनं माघारी येत व्हती."

मी उठून तिला जागा दिली. म्हणालो, "मावशी, चुकलं माझं. मला आधी ठाऊक नव्हतं."

ती बसली नाही. "म्या सांगितल्यावर तर कळालं व्हतं न्हवं?" म्हणाली, आणि भुकूमपर्यंत दांडा धरून उभी राहिली.

घरी आईनं विचारलं, "कसं होतं धरण?" मी म्हणालो, "छान."

त्या रस्त्यानं पुढं कितीदा तरी गेलो. थांबे ठरलेले असावेत, असं मला आजही वाटतं. पण त्या दिवशी अख्ख्या मोटारीत कुठंही वेळेवर पोहोचायची गरज नसलेला माणूस बहुधा मी एकटाच होतो.