चाकं असलेलं घर

प्रभादेवीच्या हार्डवेअरच्या दुकानात मी गळक्या नळासाठी वायसर घ्यायला गेले होते. माझ्या आधी एक बाई उभी होती. माझ्याच वयाची, सुती पंजाबी ड्रेस, पायांत पुरुषी चपला. तिनं बुडबुड्याची पाणसळ काउंटरवर ठेवून पाहिली, फिरवून पुन्हा पाहिली आणि म्हणाली, "दादा, तुमचा काउंटर उतरता आहे."

मग तिनं चार लोखंडी जॅक निवडले. गावाला समुद्राकाठी ट्रेलर कायमचा लावतेय, म्हणाली. गाडीमागून ओढत नेलेलं, झोपायला-रांधायला पुरेल एवढं घर. कोपऱ्यांना टेकू दिला की वाऱ्यात हलत नाही.

"मग चाकं काढणार?" मी विचारलं.

"छे! जमीन सामाईक आहे. विटेवर वीट ठेवली की भाऊबंद सह्या अडवतात. चाकं आहेत तोवर ती गाडी. गाडीत कोण वाटा मागणार?"

माझ्या पोटात दुखलं. आमचीही जागा समुद्रालगत. सासरे सह्यांची वाट बघत गेले, आता नवरा बघतोय. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, याचा जास्त राग आला.

"खाऱ्या हवेत गंजेल हो," मी म्हटलं.

"गंजेल तेव्हा गंजेल. तोवर राहीन."

ओढणी कमरेला खोचून तिनं जॅक टॅक्सीत टाकले आणि गेली.

"ताई, तुम्हाला काय?" दुकानदारानं विचारलं.

"तसला एक जॅक दाखवा."

उचलून पाहिला. चांगला जड होता. परत ठेवला आणि वायसर मागितला.